राखणीचा आवाज

त्या काळात दक्षिण कोकणातल्या तीन तालुक्यांत उजाडायचं ते रेश्मा घाडीच्या ओरडण्याने. बागांच्या दगडी गडग्यांवर, शाळांच्या मागे, सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळ पठारावरून, खाली उतरणाऱ्या प्रत्येक पायवाटेच्या तोंडाशी एकेक खांब उभा होता. खांबावर उन्हावर चालणारी पट्टी आणि तिच्याखाली वीतभर भोंगा. सूर्य वर आला की त्या भोंग्यांतून एका बाईचा खणखणीत आवाज निघायचा, ‘‘होऽऽऽ हाड्याऽ!’’ दुपारी पुन्हा एकदा, दिवस कलताना आणखी एकदा. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की एखाद्या दिवशी भोंगा बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही.

माकडांना मात्र सवय होत नव्हती, आणि सगळी किमया तीच होती.

लाल तोंडाच्या माकडांपायी कोकणातल्या लोकांनी एकेक पीक सोडून दिलं होतं. आधी भुईमूग गेला, मग रताळी, मग केळी आणि पपई. नारळ कोवळेपणीच खाली पडायचे, अर्धवट फोडलेले. फटाके झाले, गलोली झाल्या, वाघाच्या डरकाळीच्या फिती झाल्या. प्रत्येक उपाय चार दिवस चालायचा. आता मात्र नेरुंब्यासारख्या गावात कुंपणाबाहेरही केळीचे घड झाडावर पिकत होते. माकडं वर सड्यावर आणि त्यापलीकडच्या जंगलात राहायची. खाली बागांत उतरत नव्हती.

हे घडवून आणलं होतं डॉक्टर ओवी खानझोडे यांनी. ओवी मूळची यवतमाळकडची. वन्यप्राण्यांच्या मेंदूवर काम करणाऱ्या एका संशोधन केंद्रातून ती नेरुंब्याला आली आणि राहायला जागा शोधत घाड्यांच्या घरी पोचली. रेश्मा आणि तिचा नवरा संदेश दोघंच घरात होते. मुलगी लग्न होऊन बेळगावला गेली होती. ओवीला त्यांनी पडवीतली खोली दिली, आणि महिन्याभरात ती घरातलीच झाली.

एका दुपारी रेश्मा काजूगर सोलत बसली होती. ओवीने संदेशला विचारलं, की भोंग्याचा उपाय फसतो तो नेमका कसा.

‘‘फसता म्हणजे काय,’’ संदेश म्हणाला, ‘‘चार दिस पळतत. पाचव्या दिसाक भोंग्यारच येवन बसतत.’’

‘‘दोष भोंग्याचा नाही,’’ ओवी म्हणाली. ‘‘माकडाच्या मेंदूचा आहे. त्याला एखादं नवं चित्र दाखवा, ते बरेच दिवस लक्षात ठेवतं. तुमचा चेहरा, तुमच्या हातातली गलोल, सगळं पक्कं. पण नवा आवाज ऐकवा, आणि अर्ध्या मिनिटाने तोच पुन्हा ऐकवा. हा मघाचाच की दुसरा, हे ओळखताना ते गोंधळतं. मग त्या आवाजाची भीती टिकणार कशी?’’

रेश्माने हातातला कोयता खाली ठेवला. ‘‘मगे आपल्या पिलाचो आवाज आवशीक कसो कळता?’’

‘‘चांगला प्रश्न आहे, ताई. आईला काही हाका जन्मापासून ओळखीच्या असतात, काही रोज ऐकून पक्क्या होतात. मी एकदाच ऐकलेल्या आवाजाबद्दल बोलतेय.’’

मग तिने जे सांगितलं ते थोडक्यात असं. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत पोचतं. आठवण पक्की करणारा भाग तिसरीकडेच असतो. माकडाच्या मेंदूत पाहण्याच्या भागाकडून या तिसऱ्या भागाकडे धाग्यांची भरघोस जोडणी असते. ऐकण्याच्या भागाकडून तिथे जाणारे धागे मात्र अगदीच विरळ. म्हणून ऐकलेलं वाटेतच हरवतं. माणसाचं वेगळं आहे. आपल्या मेंदूत ऐकण्याचा भाग आणि बोलण्याचा भाग यांना जोडणारा एक जाड पट्टा असतो. ऐकलेली गोष्ट आपण मनातल्या मनात पुन्हा उच्चारतो आणि तिला धरून ठेवतो. आपल्याला शेकडो आवाज आयुष्यभर आठवतात याचं मूळ तिथे असावं, असं शास्त्रज्ञांना वाटत होतं.

ओवीने एक निरुपद्रवी विषाणू तयार केला होता. तो ऐकण्याच्या भागातल्या पेशींपर्यंत पोचायचा आणि त्यांना नवे धागे वाढवायला लावायचा, थेट आठवणींच्या भागापर्यंत. या नव्या जोडणीला तिने नाव दिलं होतं ‘श्रवणसेतू’. केळ्यातून विषाणू दिला की दोन महिन्यांत सेतू तयार व्हायचा. गाभण माकडिणीला दिला तर पिल्लू सेतू घेऊनच जन्माला यायचं.

‘‘मग त्यांना एकदाच एक आवाज ऐकवायचा,’’ ओवी म्हणाली, ‘‘आणि त्याच वेळी मळमळ होईल असं औषध पोटात जाऊ द्यायचं. इजा काही नाही, तासाभराची उलटी. पण तो आवाज ते जन्मात विसरणार नाहीत. फटाके नकोत, काठ्या नकोत, गोळ्या तर नकोतच.’’

आवाज कुठला घ्यायचा यावर बरीच चर्चा झाली. यंत्राचा आवाज नको, असं गावकऱ्यांचंच म्हणणं पडलं. यंत्र बंद पडलं तर? माणसाला काढता येईल असा आवाज हवा. ओवीने गावातल्या बऱ्याच लोकांच्या हाका ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत रेश्माची हाक सगळ्यांत सरस निघाली. लहानपणी ती याच डोंगरावर गुरं राखायची. या डोंगरावरून दिलेली तिची हाक समोरच्या डोंगरावर शब्द न शब्द ऐकू जायची.

‘‘माझो आवाज?’’ रेश्मा लाजून हसली होती. ‘‘घेवा. माका काय कमी पडाचा नाय.’’

प्रयोग इतका यशस्वी झाला, की दोन वर्षांत तो तीन तालुक्यांत पसरला. रेश्मा बाजारात कुठेही बोलली तरी लोक वळून बघायचे. ‘‘आमच्या बागेत तूच राखणेक असतंस गो,’’ असं अनोळखी बायका तिला सांगायच्या. कुणी पहिल्या केळीचा घड घरी आणून द्यायचं. ती संकोचायची, पण तिला अभिमान वाटत होता, आणि वाटण्यासारखंच ते होतं.

त्या वर्षी वैशाखात पाणी फार लवकर आटलं. सड्यावरच्या पाण्याच्या कोंडी कोरड्या पडल्या. घाड्यांच्या बागेखालचा व्हाळ, तो छोटा ओढा, तेवढा अजून वाहत होता, पण व्हाळाच्या काठी खांब होता आणि खांबावर भोंगा होता. एका दुपारी वाऱ्याने आंब्याची मोठी फांदी मोडली आणि खांबावर पडली. भोंगा बंद झाला. घरात कुणाला ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा व्हाळावर पंपाशी उभी होती. वर टाकी भरल्याचं तिला दिसलं. तिने वळून नेहमीच्या सुरात संदेशला सांगितलं, ‘‘अवो, पंप बंद करा, टाकी भरली.’’

तिच्या डोक्यावरची झाडं एकदम फुटल्यासारखी झाली. अख्खा कळप तिथे होता. पाणी प्यायला तो गुपचूप उतरला होता आणि तिला पाहून पानांत दडून बसला होता. तिला पाहून माकडं पळाली नव्हती. तिचं बोलणं कानावर पडलं आणि ती जीव घेऊन सुटली. एका माकडिणीने व्हाळावरून पलीकडे उडी घेतली. पोटाशी धरलेलं पिल्लू तिच्या हातून निसटलं आणि खाली दगडांवर आदळलं.

रेश्मा धावत गेली. पिल्लू जिवंत होतं, एक हात वेडावाकडा झाला होता. तिने त्याला पदरात घेतलं आणि नकळत म्हणाली, ‘‘रव रव, काय नाय झाला.’’ पिल्लू तिच्या पदरात ताठ झालं. त्याने डोळे मिटून घेतले आणि त्याच्या पायांतून पातळ घाण वाहू लागली. ती गप्प झाली तेव्हा त्याचा श्वास पुन्हा सुरळीत झाला.

ओवी आता जिल्ह्याच्या गावी राहत होती; दुपारपर्यंत ती तिथून गुरांच्या डॉक्टरांना घेऊन आली. हाताला पट्टी बांधून झाली. डॉक्टर गेल्यावर रेश्मा घरापुढच्या खळ्यात आली. पिल्लू आतल्या खोलीत होतं, तरी ती हळूच बोलली.

‘‘मी ओरडाक नाय होतंय गो. मी फकस्त पंप बंद करूक सांगलंय.’’

ओवी म्हणाली, ‘‘ताई, तुमची मुलगी फोनवर नुसती खोकली तरी तुम्ही तिला ओळखता ना? तसंच झालंय. मला वाटलं होतं की त्यांच्या लक्षात ती हाक राहील. त्यांच्या लक्षात तुमचा आवाज राहिलाय. तुम्ही काय बोलता याच्याशी त्यांना काही घेणं नाही. कोण बोलतंय, ते त्यांना कळतं.’’

‘‘पण ह्या पिलाक कोणी औषध दिला? ह्या तर अजून दूध पिता.’’

‘‘औषध कुणीच दिलं नाही. तुमचा आवाज आला की आई किंचाळते, पळते. पिल्लू आईच्या पोटाशी असतं. त्याला तेवढं पुरतं.’’

म्हणजे औषध न घेतलेली माकडंही भिणार होती, आणि त्यांची पिल्लं, आणि पुढे त्यांचीही. ओवीच्या अहवालात ही गोष्ट फायद्यांच्या भागात लिहिलेली होती. दर पिढीला नव्याने शिकवण्याचा खर्च वाचणार होता.

‘‘ह्या पुसूक येयत?’’ रेश्माने विचारलं.

‘‘पुसता येत नाही. त्याच आवाजाला जोडून चांगलं काहीतरी पुन्हा पुन्हा घडलं, तर भीती हळूहळू झाकली जाते. पण त्यासाठी त्यांनी थांबून ऐकायला हवं. आणि ती थांबतच नाहीत.’’

हे पिल्लू मात्र थांबणार होतं, कारण त्याला दुसरीकडे जायला जागाच नव्हती.

पहिले काही दिवस रेश्माने घरात तोंडच उघडलं नाही. कापसाच्या बोळ्याने ती त्याला दूध पाजायची आणि संदेशशी खुणांनी बोलायची. संदेशला ते जमेना. मीठ मागितलं तर पाणी यायचं. शेवटी एका सकाळी दूध उतू गेलं आणि ती सवयीने ओरडली. पिल्लू थरथरलं, पण तोंडातला बोळा काही त्याने सोडला नाही. दुसऱ्या दिवशी ती दूध पाजताना मुद्दाम चार शब्द बोलली. आठवड्याभरात थरथर थांबली. पिल्लू मादी होतं. मालवणीत मुलीला चेडू म्हणतात, म्हणून रेश्मा तिला ‘चेडवा’ अशी हाक मारू लागली. लवकरच चेडवा ती हाक ऐकून मोडक्या हाताला सावरत घरभर तिच्यामागे फिरू लागली.

ओवी दर आठवड्याला यायची. एकदा तिने बऱ्याच बायकांचे आवाज मुद्रित करून आणले आणि सोबत आणलेल्या भोंग्यातून एकामागून एक ऐकवले. चेडवा खांबाला टेकून, रेश्माने तिच्या कमरेला बांधलेल्या करदोड्याशी खेळत बसली होती. रेश्माचा आवाज लागला तशी ती उठली. मग ओवीने भोंग्यातली हाक लावली, ‘‘होऽऽऽ हाड्याऽ!’’ चेडवा पळाली नाही. ती भोंग्यापाशी गेली, आत डोकावली आणि हात घालून चाचपू लागली.

संदेश हसत होता, तो हसायचा थांबला. बागेत त्याच्या केळी लागलेल्या होत्या. ‘‘ह्या परत कळपात गेला, तर बाकीच्यांक पण शिकवतला,’’ तो म्हणाला.

ओवीने नाही म्हटलं नाही.

चेडवाची आई या सगळ्या काळात कुठे गेली नव्हती. व्हाळाच्या पलीकडे हेळ्याचं, म्हणजे बेहड्याचं, एक उंच झाड होतं. रोज सकाळी भोंगे वाजायच्या आधी ती त्या झाडावर यायची आणि एक बारीक, शेवटी वर चढणारी हाक द्यायची. आतून चेडवा उत्तर द्यायची. भोंगे वाजले की आई पळायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा हजर. ओवीने ते पाहिलं तेव्हा तिचा चेहरा उतरला.

‘‘साधी माकडीण इतके दिवस आली नसती,’’ ती म्हणाली. ‘‘चार-आठ दिवस शोधते, मग सोडते. हिच्या डोक्यात पिल्लाचा आवाज जसाच्या तसा राहिलाय. हेही आपणच केलंय.’’

रेश्मा म्हणाली, ‘‘मगे तिचा पिल तिका देवया.’’

हात बरा झाल्यावर पट्टी निघाली. रेश्माने चेडवाला व्हाळापलीकडे नेलं, हेळ्याच्या बुंध्याशी ठेवलं आणि एक शब्दही न बोलता मागे आली. बराच वेळ काही घडलं नाही. मग फांद्या हलल्या. आई खाली उतरली, तिने पिल्लू हुंगलं, उलटंसुलटं केलं आणि पोटाशी घेऊन वर गेली. रेश्माने घरी येऊन संदेशला सांगितलं आणि ती बराच वेळ रडली. ते आनंदाचं रडणं होतं.

चार-पाच दिवस बरे गेले. मग एका सकाळी खळ्यात मिरच्या वाळत घालताना रेश्मा शेजारणीशी बोलत होती. व्हाळाच्या बाजूने काहीतरी धावत आलं. चेडवा होती. ती थेट रेश्माच्या मांडीवर येऊन बसली आणि तिच्या तोंडात बोटं घालू लागली. आई व्हाळापर्यंत तिच्यामागून आली होती. रेश्मा दचकून काहीतरी बोलली, तशी आई जागच्या जागी गोल फिरली, किंचाळली, पुढे आली, मागे गेली. पुढे पिल्लू होतं आणि पिल्लाच्याच दिशेने तो आवाज येत होता. शेजारणीचा कुत्रा सुटला. संदेशने काठी फेकून त्याला अडवलं, नाहीतर त्या दिवशी आई संपलीच होती.

असं तीनदा झालं. तिसऱ्या खेपेला चेडवाच्या मागे दोन उनाड पिल्लं केळीपर्यंत आली, आणि भोंगा वाजल्यावर पळण्याऐवजी चेडवाकडे बघत उभी राहिली.

संदेश वाईट माणूस नव्हता. त्याने चेडवासाठी रात्री उठून दूध गरम केलं होतं. पण तो म्हणाला, ‘‘रेश्मा, ह्या आपल्या घराचा नाय रवला. एक इला काय सगळी येतली. आणि आपल्याच नाय, तिन्ही तालुक्यांत. लोक आपणांक काय म्हणतले?’’

ओवीने दोन मार्ग सांगितले. एक म्हणजे चेडवाला पकडून संशोधन केंद्रात नेणं. तिथे ती जगेल, पण पिंजऱ्यात, एकटी, आणि आई हेळ्यावर येत राहील, कुणास ठाऊक किती वर्षं. दुसरा मार्ग सांगताना ओवी रेश्माकडे बघत नव्हती.

‘‘तिला पुन्हा भीती शिकवायची. केळं, औषध आणि तुमचा आवाज. एकदाच.’’

‘‘भोंग्यातलो आवाज चलात?’’

‘‘नाही. ती भोंग्याला फसत नाही आता. आवाजाबरोबर तिला तुम्ही माहीत आहात, तुमचा वास, तुमचा हात. तुम्हालाच बोलावं लागेल. नेहमी बोलता तसंच.’’

रेश्मा पडवीच्या पायरीवर बसली होती. तिने पायातलं जोडवं फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग विचारलं, ‘‘इतके दिवस मी तिच्याशी काय काय बोललंय. ता तिका आठवात?’’

‘‘अर्थ कळलेला नसेल. पण आवाज आठवेल. सगळा.’’

‘‘म्हणजे उद्या मी तिका भियवलंय, तर मागचा पुसला जावचा नाय.’’

‘‘नाही.’’

‘‘दोन्ही रवतला.’’

‘‘दोन्ही राहील,’’ ओवी म्हणाली. ‘‘ताई, तुम्ही नको म्हणालात तर मी तिला घेऊन जाते. कुणी तुम्हाला बोल लावणार नाही.’’

रेश्माने व्हाळापलीकडे पाहिलं. हेळ्यावर आई बसलेली होती, चेडवा तिच्या केसांत काहीतरी शोधत होती.

‘‘पिंजऱ्यात नको,’’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खळ्यात बसली आणि तिने हाक मारली, ‘‘चेडवा, ये गो.’’ चेडवा आली. रेश्माने तिला केळ्याचा तुकडा दिला. ओवी दाराआड उभी होती. संदेश बागेत निघून गेला होता.

औषधाला थोडा वेळ लागणार होता. तोवर बोलत राहायचं होतं. काय बोलावं हे रेश्माला सुचेना, मग ती रोजचंच बोलू लागली. आंब्याचं, मिरच्यांचं, बेळगावच्या मुलीचं. चेडवा तिच्या बांगड्या चाटत बसली. मग तिने तोंड वाकडं केलं. अंग आखडलं. ती ओकली, पुन्हा ओकली, आणि घाबरून जिथे जायची सवय होती तिथे गेली. रेश्माच्या कुशीत शिरून तिने तिचं पोलकं दोन्ही मुठींत गच्च धरलं.

दाराआडून ओवी हलक्या आवाजात म्हणाली, ‘‘थांबू नका, ताई. आता थांबलात तर सगळं वाया जाईल.’’

रेश्मा थांबली नाही. चेडवा कुशीत कण्हत होती आणि रेश्मा तिच्या डोक्यावर बोलत होती. प्रत्येक शब्दासरशी त्या छोट्या अंगातून कळ जात होती. आवाज वरून येतोय, ज्या छातीला ती बिलगली आहे त्याच छातीतून येतोय, हे कळायला चेडवाला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिने मुठी सोडल्या. ती मान मागे करून रेश्माच्या तोंडाकडे बघत राहिली. मग उडी मारून खळ्याच्या कोपऱ्यात गेली आणि गडग्याला पाठ लावून बसली. रेश्मा बोलत राहिली. चेडवाने दोन्ही हातांनी कान झाकले नाहीत, माकडं तसं करत नाहीत. ती फक्त लहान लहान होत गेली.

ओवी बाहेर आली आणि तिने रेश्माच्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हा ती थांबली.

व्हाळापलीकडे चेडवाला ओवीनेच नेलं. आईने तिला लगेच घेतलं. अजून एक गोष्ट करायची राहिली होती. धडा लागू पडला की नाही, हे पाहायला हवं होतं. ओवीने ते सांगितलं नाही, पण रेश्माला ठाऊक होतं. ती व्हाळाच्या काठी उभी राहिली आणि नेहमीच्या सुरात एकदाच म्हणाली, ‘‘चेडवा.’’

आई दचकण्याआधी पिल्लू दचकलं. दोघं एका अंगाने वर गेली आणि फांद्यांत दिसेनाशी झाली. किती वेळात पळाली हे मोजायला ओवीने सवयीने घड्याळात पाहिलं, आणि मग ते पाहिल्याचीच लाज वाटून हात खाली घेतला.

त्यानंतर चेडवा खळ्यात आली नाही. केळी राहिल्या. रेश्माने एकच गोष्ट मागितली, व्हाळाच्या काठचा मोडलेला खांब पुन्हा उभा करू नये. केंद्राने ते मान्य केलं. उन्हाळ्यात कळप तिथे पाण्याला येऊ लागला. फाल्गुनापासून पाऊस पडेपर्यंत घाड्यांच्या खळ्यात मोठ्याने बोललं जात नसे. संदेश खुणा शिकला. बेळगावची मुलगी आली, की पहिले दोन दिवस तिला आईचं गप्प राहणं खटकायचं. मग तीही हळू बोलायची, कारण फोनवर दोघींचे आवाज सारखेच वाटतात असं सगळे म्हणायचे.

पुढच्या वर्षी प्रकल्प उत्तरेकडच्या तालुक्यांत जायचा होता. तिकडच्या माकडांसाठी तिकडचेच आवाज हवे होते. एका गावच्या समाजमंदिरात मोठ्या आवाजाच्या बायकांना बोलावलं होतं, आणि ओवीच्या सांगण्यावरून रेश्मा तिथे गेली होती. ओवीने तिला काय बोलायचं ते सांगितलं नव्हतं. ‘‘तुम्हाला वाटेल ते सांगा,’’ एवढंच ती म्हणाली होती. चेडवानंतर ओवीने केंद्राला एक लांब टिपण लिहिलं होतं. हाक देणाऱ्या व्यक्तीचा आवाज संगणकाने बदलून घ्यावा, असं तिने सुचवलं होतं. पण बदललेला आवाज माकडांना तितकासा पटत नाही, असं चाचणीत दिसलं होतं, आणि बागायतदार थांबायला तयार नव्हते.

रेश्माशेजारी एक तरुण बाई बसली होती. अश्लेषा गुढेकर असं तिचं नाव होतं. तिच्या मांडीवर सात-आठ महिन्यांचा मुलगा होता. ती त्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलत होती आणि मुलगा खिदळत होता.

‘‘ताई, तुम्ही पहिल्या ना,’’ तिने रेश्माला विचारलं. ‘‘आवाज दिल्यावर आपल्याला काही होत नाही ना?’’

रेश्माने त्या मुलाकडे पाहिलं. ‘‘आपणांक काय होणा नाय,’’ ती म्हणाली. मग म्हणाली, ‘‘एक कर. पोराशी बोलतंस ना, त्या आवाजात हाक देव नको. दुसरो आवाज काढ.’’

अश्लेषाने प्रयत्न केला. आवाज जाडा केला, मग नाकातून काढला. मुलगा पुन्हा खिदळला. प्रत्येक वेळी तो आईकडेच बघत होता.

‘‘नाही हो जमत,’’ ती हसून म्हणाली. ‘‘कसाही काढला तरी माझाच निघतो.’’

आतून तिचं नाव पुकारलं गेलं. तिने मुलाला रेश्माच्या मांडीवर ठेवलं आणि पदर नीट करत ती उठून गेली. मुलगा रेश्माच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहू लागला, मग रडायच्या बेतात आला. त्याच्याशी काहीतरी बोलायला हवं होतं. रेश्माने तोंड उघडलं, आणि पुन्हा मिटून घेतलं.

आत ध्वनिमुद्रणाचा दिवा लागला. मग सबंध समाजमंदिरभर अश्लेषा गुढेकरची पहिली हाक घुमली, खणखणीत, दोन डोंगर पलीकडे जाईल अशी. मांडीवरचा मुलगा एकदम शांत झाला आणि आवाजाच्या दिशेने हात पसरून हसू लागला.